जुन्या जावाचं इलेक्ट्रिकल सामान: गाडीचं नाव नको, माप घेऊन बाजारात जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९६९ची जावा २५०. इंजिन बांधून झालं, क्रोम झालं, फ्रेमला पावडर कोटिंग झालं. गाडी दिसते झकास, पण हेडलाइट मिणमिणतो, हॉर्न कण्हतो, चार्जिंगचा पत्ता नाही आणि गरम झाली की सिग्नलला बंद पडते. पुण्यात नाना पेठेत जाल त्या दुकानात ‘हा माल आता येत नाही’ असं ऐकलंत, आणि मेकॅनिक म्हणतोय की हे सगळं काढून टाकू, सरळ १२ व्होल्ट करू. सामान कुठे मिळेल आणि मेकॅनिकचं ऐकावं का, हे तुम्हाला हवंय.

आधी खरेदी थांबवा. तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींपैकी निदान दोन सामानाच्या नाहीत, रंगाच्या आहेत.

जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते, परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडातून असतो. या परतीच्या वाटेलाच ‘अर्थ’ म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकातला कारखान्याचा रंग पातळ होता, बोल्ट आवळला की तो खरवडला जायचा. पावडर कोटिंग तसं नाही. ते जाड असतं, चिवट असतं आणि उत्तम इन्सुलेशन असतं. कोटिंगवाल्याला त्याच्याशी घेणंदेणं नसतं, तो हेडलाइटच्या डोमची भोकं, मागच्या दिव्याचा ब्रॅकेट, हॉर्नची पट्टी, रेग्युलेटर बसायची जागा, सगळं एकसारखं झाकून देतो. मग अर्थ मिळतो तो कुठल्या तरी बोल्टच्या दोन आट्यांतून. रिस्टोर करून आलेल्या गाडीचे दिवे रिस्टोर करायच्या आधीपेक्षा मंद का, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. हेडलाइट चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलवर आणि दुसरं बल्बच्या पितळी टोपीला लावा. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढा दाब परतीच्या वाटेवर वाया जातोय. मग तीच चाचणी दुसऱ्या बाजूने करा: बॅटरीचं जिवंत टर्मिनल ते बल्बचा मधला ठिपका. तिथे जास्त दिसलं तर चूक स्विच, फ्यूज होल्डर किंवा जोडांत आहे.

६ व्होल्टची गाडी म्हणजे चौथ्या मजल्यावरचा नळ: दाब मुळातच कमी, पाइपात जरा गाळ बसला की धार संपली. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. म्हणजे सहापैकी एक व्होल्ट गळला तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. तोच एक व्होल्ट १२ व्होल्टच्या गाडीत गळला तर पाव उजेड जातो, डोळ्यांना फारसं कळतही नाही. १२ व्होल्ट केल्यावर ‘बघा, किती फरक पडला’ असं मेकॅनिक दाखवतो, त्यातला बराच फरक या हिशोबाचा आणि नव्या वायरींचा असतो.

उपाय स्वस्त आहे. रंगाखाली न दिसणाऱ्या जागी, बोल्टच्या वॉशरएवढं वर्तुळ घासून लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन चोपडा. पुण्याच्या पावसाळ्यात व्हॅसलीन नसेल तर एका हंगामात तिथे गंज धरतो. नवा रंग खरवडायला जीव होत नसेल तर हेडलाइट, मागचा दिवा, हॉर्न आणि रेग्युलेटर यांना स्वतंत्र अर्थ वायर ओढा आणि सगळ्या इंजिनच्या एका बोल्टवर आणा. मी हल्ली प्रत्येक गाडीत हेच करतो. वायर निदान १.५ चौ. मिमी, बॅटरी आणि डायनॅमोच्या मुख्य वायरी २.५ किंवा त्याहून जाड. ६ व्होल्टला ४५ वॅट म्हणजे साडेसात अँपिअर, तीच वॅट १२ व्होल्टला पावणेचार. बाजारातली तयार वायरिंग किट कुठल्या गेजची आहेत ते कापून बघितल्याशिवाय घेऊ नका. जाड इन्सुलेशन आणि आत चार केस, असा माल सर्रास मिळतो. मला विचाराल तर मीटरवर चांगली ऑटो वायर घ्या, जुन्या हार्नेसवर ठेवून लांबी कापा, लग क्रिंप करा. एक रविवार जाईल.

हे झाल्यावर जे खरोखर मेलेलं निघेल तेवढंच सामान शोधायचं. आणि शोधताना ‘जावाचं द्या’ म्हणून विचारायचं नाही. जावा बनवणारा मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यानंतर जो माल शिल्लक होता तो फिरतोय किंवा कुणीतरी नव्याने काढतोय. २०१८पासून आलेल्या नव्या जावाच्या शोरूमला जाऊन उपयोग नाही, नाव सोडून त्या गाडीत आणि तुमच्या गाडीत काही सारखं नाही. पण इलेक्ट्रिकल सामानाचं एक बरं असतं. पिस्टन त्याच गाडीचा लागतो. बल्ब, कंडेन्सर, कार्बन ब्रश, कॉईल यांना गाडीचं नाव कळत नाही, त्यांना व्होल्ट, ओहम, मायक्रोफॅरड आणि मिलिमीटर कळतात. नाना पेठेतल्या काउंटरवर नाव सांगितलंत की मुलगा कॉम्प्युटरमध्ये बघून ‘येत नाही’ म्हणणार. जुना तुकडा खिशातून काढून ‘असं, ६ व्होल्टचं, या भोकांच्या अंतराचं काही आहे का’ म्हणालात की मागे बसलेले म्हातारे मालक उठतात आणि माळ्यावरचा डबा निघतो. म्हणून जुनं काहीही फेकू नका. जळकी कॉईलसुद्धा माप म्हणून लागते.

कंडेन्सरपासून सुरू करू, कारण गरम झाल्यावर बंद पडणं ही तक्रार पहिल्यांदा त्याच्याकडे बोट दाखवते. पॉइंट म्हणजे ठिणगीच्या वेळी कॉईलचा करंट तोडणारे संपर्क, आणि ते उघडताना जाळ होऊ नये म्हणून कंडेन्सर. गाडी बंद पडली की लगेच पॉइंटचं झाकण काढा, किक मारताना बघा. पॉइंट उघडताना जाड निळा-पांढरा जाळ दिसला तर कंडेन्सर गेला. हलकी ठिणगी चालते. जुन्या कंडेन्सरमध्ये फॉइलच्या मध्ये कागद असतो. तो ओल धरतो आणि तापला की गळतो, थंड झाला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. इथे लोक एक चूक करतात: पन्नास वर्षांपूर्वीचा सीलबंद डबा मिळाला म्हणून हरखून चढ्या भावात घेतात. धातूचा आणि काचेचा माल जुन्या स्टॉकचा जरूर घ्या. स्विच, दिव्याची काच, रिम, पॉइंट यांत जुना माल आजच्यापेक्षा सरस असतो. पण ज्यात कागद, रबर किंवा रसायन आहे ते डब्यातसुद्धा म्हातारं होतं. कंडेन्सर, प्लग कॅप, हाय टेन्शन वायर, बॅटरी जुन्या स्टॉकची घेऊ नका, फुकट मिळाली तरी.

मग कंडेन्सर कुठून? तपकीर गल्लीतून किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचे घटक विकणाऱ्या दुकानांतून. पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर मागा, ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट. अंगावर ‘२२४’ छापलेलं असतं, म्हणजे २२वर चार शून्यं, इतके पिकोफॅरड. चपटी, नखापेक्षा थोडी मोठी वडी. एक तार पॉइंटच्या वायरला, दुसरी अर्थला. हा कपॅसिटर इंजिनवर बसवायचा नाही. वर कॉईलशेजारी, फ्रेमला, उष्णतेपासून लांब. त्याचे पाय कंपनाने मोडतात, म्हणून मऊ वायर सोल्डर करा आणि सगळं एका छोट्या ॲल्युमिनियमच्या नळीत ठेवून इपॉक्सी ओता. जुना कंडेन्सर जागेवर दिसायला तसाच राहू द्या, फक्त त्याची वायर काढून टाका. प्रदर्शनात कुणाला कळत नाही, आणि गाडी सिंहगडाच्या घाटातही बंद पडत नाही.

कंडेन्सर बदलूनही गरम झाल्यावर ठिणगी जात असेल तर कॉईल, म्हणजे बॅटरीचा दाब वाढवून प्लगला ठिणगी देणारी. ६ व्होल्टच्या कॉईलचं प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडचं वेटोळं, साधारण एक ते दीड ओहम भरतं, १२ व्होल्टचं तीनच्या पुढे. दुकानदार ‘चालतंय की, लावून बघा’ म्हणत १२ व्होल्टची कॉईल देतो. गाडी चालू होतेही, पण ठिणगी पिवळी आणि अशक्त. म्हणून मीटर घेऊनच दुकानात जा आणि स्वतः मोजा. ६ व्होल्टच्या जुन्या स्कूटर आणि मोटरसायकलींच्या बॅटरी-कॉईल अजून मिळतात, ओहम जुळले आणि क्लॅम्प बसला की झालं. फ्लायव्हील मॅग्नेटोवर चालणाऱ्या गाडीची कॉईल मात्र वेगळी असते, ती नको. आणि एक सवय लावून घ्या: इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची नाही. पॉइंट मिटलेल्या स्थितीत असले तर सगळा करंट कॉईलमधून वाहत राहतो आणि चांगली कॉईल भाजून निघते. वायरिंग तपासताना कित्येकांच्या कॉईल अशाच जातात.

पॉइंट घेताना लुकास टीव्हीएस किंवा मायकोचा डबा बघून भुलू नका, डबे छापायला कितीसे पैसे पडतात. मायको नाव जाऊन २००८मध्ये बॉश झालं, तेव्हा मायकोच्या डब्यातला कोरा करकरीत चकचकीत माल दिसला तर दोनदा बघा. दोन्ही टिकल्या समोरासमोर सपाट बसतात का, रिव्हेट हलतंय का, आणि कॅमवर घासणारी फायबरची टाच कशी आहे. टाच हलक्या प्रतीची असेल तर ती झिजते, गॅप मिटत जातो, टायमिंग मागे पडतं आणि दर पंधरा दिवसांनी गाडी ‘ओढत नाही’ म्हणून तुम्ही कार्ब्युरेटर उघडत बसता. गॅप ०.४ मिमी, कॅमवर ग्रीसचं बोट.

आता चार्जिंग, खरं दुखणं. जावाच्या डायनॅमोचं आर्मेचर, म्हणजे तांब्याची तार भरलेला फिरता भाग, थेट क्रँकच्या टोकावर बसतं, त्याला स्वतःचं बेअरिंग नाही. क्रँकची बेअरिंगं ढिली असली की आर्मेचर भोवतीच्या पोलना, म्हणजे फील्ड कॉईल बसवलेल्या स्थिर लोखंडी तुकड्यांना, घासतं. इंजिन नुकतंच बांधलंय म्हणता, तरी डायनॅमो उघडून पोलच्या आतल्या बाजूला चकाकणारे ओरखडे आहेत का बघा. कागदाची पट्टी आर्मेचरभोवती फिरवा, सगळीकडे सारखी सरकली पाहिजे. ती अडकत असेल तर वाइंडिंगवर खर्च करू नका, भरलेलं आर्मेचर पुन्हा सोलून निघेल.

नंतर ब्रश. कार्बन ब्रश मिक्सर-ड्रिलच्या दुकानात ढिगाने मिळतात आणि मापात घासून बसवताही येतात, पण ते २३० व्होल्टसाठी केलेले असतात: कडक आणि जास्त अवरोधाचे. ६ व्होल्टच्या डायनॅमोला तांबं मिसळलेले ब्रश लागतात, कापलेल्या जागी त्यांना लालसर झाक असते. गाड्यांचे सेल्फ आणि डायनॅमो दुरुस्त करणाऱ्यांकडे असे मिळतात. थोडे मोठे घ्या, सपाट दगडावर घासून मापात आणा. होल्डरमध्ये बोटाने सोडला की तो अडखळल्याशिवाय खाली गेला पाहिजे. मग कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, बारीक पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर ठेवून गुंडाळा आणि आर्मेचर मागेपुढे हलवून ब्रशला त्याच गोलाईचा पृष्ठभाग द्या. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर हॅकसॉ ब्लेडच्या घासलेल्या टोकाने अर्धा मिलिमीटर खोल कोरून काढा.

आर्मेचर जळलंय की नाही हे मल्टिमीटरने धड कळत नाही. मोटर भरणाऱ्याकडे न्या. तो ग्राउलरवर, म्हणजे तपासणीच्या विद्युतचुंबकावर, आर्मेचर ठेवतो, वरून हॅकसॉ ब्लेडचा तुकडा हलक्या हाताने धरून आर्मेचर गोल फिरवतो. शॉर्ट झालेल्या खाचेवर ब्लेड आलं की ते थरथरतं, खडखड वाजतं. कुठेच वाजलं नाही, आणि पट्ट्या ते शाफ्ट मीटर काही दाखवत नाही, तर आर्मेचर शाबूत आहे. भोसरीत आणि पेठांतून मोटर भरणारे पुष्कळ आहेत, पण पाण्याच्या पंपाची मोटर भरणारा प्रत्येक जण हे काम नीट करेल असं नाही. त्याला एकच प्रश्न विचारा: जुनी वायर काढताना वेढे आणि गेज मोजून लिहून ठेवणार का? ‘अंदाजे भरतो, चालतं’ म्हणाला तर आर्मेचर परत घेऊन या. भरल्यावर व्हार्निश करून भट्टीत भाजलं पाहिजे, नाहीतर क्रँकच्या वेगाला वायर बाहेर फेकली जाते. फील्ड कॉईल भरणं त्यामानाने सोपं. ती बदलल्यावर लोखंडात उरलेलं चुंबकत्व नाहीसं किंवा उलटं झालेलं असू शकतं, तेव्हा फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्यावा लागतो. हे काम माहितगाराकडूनच करून घ्या.

रेग्युलेटरमध्ये दोन कामं एकत्र असतात. एक व्होल्टेज आवरतो. दुसरा, ज्याला आपण कटआउट म्हणतो, तो डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी असताना जोड तोडतो, नाहीतर बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होईल. कटआउटचे संपर्क चिकटले तर रात्रीत बॅटरी झोपते आणि कधी वायरही जळते. आधी मूळ रेग्युलेटर उघडा. निम्म्या वेळा संपर्कांवर फक्त हिरवट थर असतो, पातळ कागदावर स्पिरिट घेऊन दोनदा ओढला की काम होतं. कानस लावू नका आणि स्प्रिंगचे पाय वाकवू नका. गेलाच असेल तर जुन्या डब्यात बसणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर घ्या, जावा-येझदीवाल्यांच्या गटांतून असे करून देणारे सापडतात. मात्र घेण्यापूर्वी तुमच्या डायनॅमोच्या फील्डचं एक टोक आतून पॉझिटिव्ह ब्रशला आहे की बॉडीला, ते मीटरने बघा आणि तसं सांगा. या दोन पद्धतींचे रेग्युलेटर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाडी ब्रिटिश असती तर आणखी एक सांगितलं असतं: तिथे पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असतो, बॅटरी जोडण्याआधी कुठलं टोक फ्रेमला जातंय ते बघायचं.

बॅटरी म्हणाल तर ती सगळ्यात सोपी. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक तराजूची ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी कुणीही देतो. मूळपेक्षा लहान असल्यामुळे ती जुन्या काळ्या डब्याच्या पोकळीत बसते, वरून बघणाऱ्याला जुनीच बॅटरी दिसते. अट एक: मध्यम रेसवर बॅटरीच्या टोकांना ७.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये, सीलबंद बॅटरी जास्त दाब सोसत नाही, फुगते.

बल्बमध्ये फार वेळ घालवू नका. ६ व्होल्टचे बल्ब मिळतात, फक्त टोपीचा व्यास आणि पिना बघा. ब्रेक-टेलच्या बल्बच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, तो उलटा दाबून बसवला की टेल लाइट ब्रेकसारखा जळतो. मागे लाल एलईडी खुशाल लावा, करंट वाचतो. हेडलाइटमध्ये मी लावत नाही. जुन्या रिफ्लेक्टरचा झोत फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो, एलईडी त्या जागी नसतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. हॉर्न ९० टक्के वेळा अर्थ आणि मागच्या स्क्रूच्या पाव फेऱ्यात बरा होतो.

दिसणाऱ्या वस्तू, म्हणजे हेडलाइटची काच, रिम, स्विच, यांच्यासाठी जुना बाजार. रविवारी किंवा बुधवारी, सकाळी लवकर. पिशवीत मीटर आणि ती तराजूची बॅटरी असू द्या, ताडपत्रीवरच तपासता येतं. ‘जावाचं आहे का’ हा शब्द तोंडातून गेला की भाव दुप्पट, मुकाट्याने उचलायचं आणि ‘हे कसं दिलं’ विचारायचं. इंजिन नंबर किंवा चासी नंबर असलेला कुठलाही तुकडा मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तिथे नाही मिळालं तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे असतो. त्या दिवशी जमणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी पोटमाळ्यावर सुटे भाग पडून असतात, आणि ते पैशांपेक्षा अदलाबदलीला तयार होतात.

राहिला १२ व्होल्टचा प्रश्न. त्यात दोन प्रकार आहेत आणि मेकॅनिक कुठल्याबद्दल बोलतोय ते आधी विचारा. स्वस्त प्रकार म्हणजे तोच डायनॅमो ठेवून फक्त रेग्युलेटर, बॅटरी, कॉईल आणि बल्ब १२ व्होल्टचे लावणं. चालतं, पण १२ व्होल्ट द्यायला डायनॅमोला जवळजवळ दुप्पट फिरावं लागतं. सातारा रस्त्याने भोरला जायला ठीक. लक्ष्मी रोडच्या गर्दीत आयडलवर चार्जिंग शून्य, आणि तुमची गाडी बॅटरीवर ठिणगी घेते, बॅटरी बसली की किक मारून उपयोग नाही. दुसरा प्रकार म्हणजे डायनॅमो काढून त्या जागी अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा पूर्ण संच बसवणं. चेक प्रजासत्ताकातली वेप कंपनी जावासाठी असे संच बनवते. महाग पडतो, पण फ्रेमला किंवा इंजिनला कुठे भोक पाडावं लागत नाही. रोज ऑफिसला नेणार असाल तर हा घ्या आणि मूळ डायनॅमो तेल लावून कापडात गुंडाळून ठेवा. रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर ६ व्होल्ट पुरतात. ३५ वॅटचा हेडलाइट, मागचा दिवा आणि कॉईल मिळून ४५ वॅटच्या डायनॅमोकडे फार काही उरत नाही हे खरं, पण दिवसा ते लागत नाही.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे म्हणून सांगतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट मूळ रूपाची आहे: चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नको. पण व्हिंटेज नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. वडिलांच्या गाडीवर फिरायचंच असेल तर त्या नोंदणीच्या मागे न लागता आहे त्या नंबरची आरसी आरटीओत नूतनीकरण करून घ्या. तपासणीला जाण्याआधी ब्रेक लाइट, हॉर्न आणि हेडलाइटचा डिपर तेवढा बघून ठेवा.